बायंडरची दाढी

आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, माझं आणि समोरचं त्याचं. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली बाई. आयुष्यभर लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली आणि त्यात कधी कान घातला नाही, याचा मला फार तोरा होता. निवृत्त झाले आणि तो तोरा गुंडाळून ठेवला. आता मी सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसते. समोरच्या घरात जरा जास्तच खुपसलं, कारण त्या घराची एक किल्ली माझ्याकडे होती आणि तो कामावर गेला की त्याच्या आईजवळ मीच बसायचे.

सगळी इमारत त्याला बायंडर म्हणते. मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं शिवायची, चिकटवायची आणि नव्या पुठ्ठ्यात बसवायची, हे त्याचं काम. मी एकदा गेले होते तिथे. लांबलचक टेबल, खळीने भरलेलं पातेलं, दोऱ्याची रिळं, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा आणि डोक्यावर दिवसाही जळणारे दिवे. तिथे तो कुणाशी न बोलता दिवस काढतो आणि त्यात खूश असतो. लग्न राहूनच गेलं. का, ते मी त्याला अनेकदा विचारलं आणि प्रत्येक वेळी त्याने चहा घेणार का म्हणून विचारलं.

त्याची दाढी मात्र बघण्यासारखी होती. छातीपर्यंत आलेली, निम्मी पांढरी, आणि तिच्यात वाळलेल्या खळीचा एखादा पापुद्रा कायम अडकलेला. विशीत असताना ठेवली ती, आणि ठेवली ती केवळ बापाला खपत नाही म्हणून. बाप कापडाच्या दुकानात होता. रोज सकाळी घोटून दाढी करणारा, इस्त्रीची घडी न मोडणारा, घरात एका शब्दात बोलणारा माणूस. पोराने दाढी राखली तर त्याने पोराशी बोलणंच टाकलं. पुढे बाप गेला आणि दाढी राहिली. मग ती कुणासाठी काढायची, म्हणून तशीच वाढत गेली.

त्याच्या आईला मी वहिनी म्हणायचे. बोलायला गोड, हाताला चव, आणि स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाची लुडबुड न चालणारी बाई. तिचं विसरणं सुरू झालं ते आधी आम्ही हसण्यावारी नेलं. आमटीत दोनदा मीठ पडलं, चष्मा फ्रिजमध्ये सापडला, त्यात काय एवढं, माझाही सापडतो. मग ती जिन्यावरून आपलंच दार ओळखेना. मग एका सकाळी माझ्या दाराशी येऊन, पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "आमच्या घरात कुणी एक दाढीवाला शिरलाय हो."

मी तिच्याबरोबर गेले. दाढीवाला ओट्यापाशी उभा राहून तिच्यासाठी लापशी ढवळत होता. त्याने ते ऐकलं होतं. त्याने गॅस बारीक केला आणि काहीच झालं नाही अशा आवाजात मला म्हणाला, "काकू, आज जरा लवकर जातोय, बघाल ना?" जिना उतरताना तो मधल्या वळणावर बराच वेळ थांबला होता. मला वरून त्याचं डोकं दिसत होतं.

त्या दिवसापासून ते नावच पडलं. दाढीवाल्याने चमचे लपवले, दाढीवाला खिडकी लावू देत नाही, दाढीवाल्याने आज गोळी दिलीच नाही. गोळी मी माझ्या डोळ्यांनी दिलेली पाहिलेली असायची. माझ्याकडे ती दिवसभर त्याची गाऱ्हाणी गायची आणि संध्याकाळ झाली की दाराकडे बघत विचारायची, आला का तो दाढीवाला? आम्हाला वाटायचं, धास्ती घेतलीय. तो आला की ती भिंतीकडे तोंड करायची. मग तो तिचे पाय कोमट पाण्यात ठेवायचा, पुसायचा, मऊ भाताचे घास भरवायचा. घास ती निमूट घ्यायची. कधीकधी मी ओळखीची असायचे, त्याची बहीण फोनवर ओळखीची असायची, इस्त्रीवाला तर रोज ओळखीचा असायचा. फक्त तो नव्हता. ज्याने तिचं सगळं केलं तोच तिला परका झाला होता, आणि हे त्याला आतून खात होतं. त्याला बाकी काही नको होतं. तिने एकदा त्याला छोट्या म्हणून हाक मारावी, एवढंच हवं होतं. छोट्या हे त्याचं घरातलं नाव, बहिणीपेक्षा लहान म्हणून पडलेलं.

मोठी बहीण लांब असते, विमानाने येण्याइतकी लांब. लांब असणाऱ्यांना उपाय फार चटकन सुचतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा माणसांच्या जुन्या आठवणी जास्त टिकतात, अलीकडचं आधी पुसलं जातं. तिने ते ऐकलं आणि फोनवरून फर्मान काढलं. आईला तू शाळेतला आठवत असणार, तुळतुळीत गालाचा. ते जंगल उतरव म्हणजे ओळखेल तुला. माझं मत कुणी विचारलं नव्हतं तरी मी दिलं. म्हटलं, पन्नाशी उलटलेला माणूस दाढी काढून शाळेत जात नाही रे बाबा. पण त्याच्या डोळ्यांत एवढी आशा दिसली की पुढचं मी गिळलं.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने आधी कात्री चालवली, मग मशीन, मग वस्तरा. बायंडर म्हणे खुर्चीत डोळे मिटूनच बसला होता. सलूनवाल्याने उघडायला सांगितले तेव्हा आरशात त्याचा बाप बसलेला होता. तोच चौकोनी जबडा, हनुवटीवरची तीच खाच, खालच्या ओठाची तीच ताठ रेघ. हे त्याने मला नंतर सांगितलं. तेव्हा नुसता वर आला, माझ्याकडे न बघता घरात गेला आणि आईसमोर जाऊन उभा राहिला. मी दारात होतेच, मी कुठे जाणार.

वहिनी पलंगावर बसून दुपट्ट्याची घडी घालत होती. तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गेल्या दीड-दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. गाल वर उचलले गेले, पाठ सरळ झाली, हात आपोआप केसांकडे गेला.

"अहो," ती म्हणाली, "आज लवकर आलात?"

त्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. तो माझ्याकडे वळला, परत तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "हो. आज दुकानात गर्दी नव्हती."

बहिणीचा फोन आला. ओळखलं का? त्याने सांगितलं, ओळखलं. बहीण आनंदाने रडली. त्याने तिला पुढचं सांगितलं नाही, आणि तिथे मी नाक खुपसलं नाही.

आता अहो व्हायचं म्हणजे रोज दाढी करणं आलं, कारण बापाने एक दिवस चुकवला नव्हता. तीस वर्षांत ज्याने गालाला पातं लावलं नाही त्याने दुकानातून प्लॅस्टिकचा वापरून फेकायचा रेझर आणला आणि अंगाचा साबण फासून गाल खरवडले. दुसऱ्या दिवशी मान लालबुंद, हनुवटीवर कापसाचे तुकडे. मी म्हटलं, मांजराशी भांडलास का? तो सलूनवाल्याकडे गेला. सलूनवाल्याने त्याला जुन्या पद्धतीचं सगळं सामान लिहून न देता तोंडी सांगितलं, कारण त्याचा लिहिण्यावर विश्वास नव्हता. दोन्ही बाजूंनी धार असलेलं ब्लेड बसवायचा धातूचा रेझर, ब्रश, दाढीचा साबण, एक पसरट वाटी आणि तुरटीचा खडा.

मला वाटलं होतं, हाताचा कसबी माणूस, चुटकीसरशी शिकेल. पण हातच आडवा आला. सलूनवाल्याने सांगितलं होतं, वाटीत साबण घोळवून फेस काढा. याचा काही फेस निघेना. वाटीत नुसता पांढरा चिकटा व्हायचा. शेवटी सलूनवाला संध्याकाळी दुकान बंद करून स्वतः वर आला, पाहतो तर बायंडर ब्रश अगदी हळू, एकाच दिशेने, वाटीच्या तळाशी सरकवतोय. सलूनवाल्याने विचारलं, हे काय करताय? तो म्हणाला, बुडबुडे येऊ नयेत म्हणून. खळीत बुडबुडा राहिला की कागद फुगतो, म्हणून जन्मभर बुडबुडा मारायला शिकलेला माणूस तो. सलूनवाला पोट धरून हसला. मीही हसले. तोही हसला, आणि ते इतक्या वर्षांनी उघड्या चेहऱ्यावर दिसलं. दाढीच्या आत तो कधी हसायचा की नाही हे आम्हाला कळायचंच नाही.

दुसरं तसंच. पुठ्ठा कापायचा तर पट्टीला चाकू टेकवून मनगटाचा सगळा जोर लावायचा, एका दमात आरपार. तोच जोर तो गालावर लावायचा. सलूनवाल्याने त्याचं मनगट धरलं आणि सांगितलं की दाबायचं नाही, रेझर जड आहे, त्याचं वजनच पुरतं, आपण फक्त त्याला वाट दाखवायची. बायंडर म्हणाला, म्हणजे आपण काही करायचंच नाही? सलूनवाला म्हणाला, जमलं तर नाहीच करायचं.

हे जमायला त्याला बराच काळ लागला, आणि जमलं तेव्हा त्याला त्याचं वेडच लागलं. मी सकाळी किल्ली फिरवून आत जायचे तेव्हा स्वयंपाकघराजवळच्या बेसिनपाशी त्याचं चाललेलं असायचं. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर दाबून तो उभा असायचा, डोळे मिटून. मग वाटीत ब्रश फिरायचा, आता दोन्ही दिशांनी, आणि फेस असा वर यायचा की वाटी उलटी केली तरी पडू नये. गरम फेस गालाला लावताना तो घाई करायचा नाही. कानापासून खाली, हनुवटीच्या खाचेत, नाकाखाली, गळ्यावर. मग रेझर. अगदी शांत घरात त्याचा एक बारीक आवाज येतो, करकर म्हणावी तर तितकी नाही. केसांच्या दिशेने एकदा उतरायचं, पाण्यात खळबळवायचं, परत फेस, परत एकदा आडवं उतरायचं. मग गार पाणी. मग ओल्या गालावर तुरटी, ती जरा झोंबली की त्याच्या तोंडून श्श निघायचं आणि लगेच चेहरा सैल व्हायचा.

एकदा मला म्हणाला, "काकू, तुम्हाला सांगतो, दिवसातला हा एवढाच वेळ असा आहे की मी काहीच दुरुस्त करत नसतो." म्हटलं, दाढी करतोस ती काय मग? म्हणाला, ती उद्या परत येणारच आहे, तिला काय दुरुस्त करायचं. मला तेव्हा ते फारसं कळलं नाही. आता थोडं कळतं. ग्रंथालयात फाटलेली पानं, घरी फाटत चाललेली आई, त्यातून स्वतःच्या चेहऱ्यापाशी थोडा वेळ थांबायला मिळणं हे त्याला सुखाचं वाटत होतं. त्या सुखाची त्याला लाजही वाटायची. आई अशी असताना आपल्याला साबणाच्या वासात आनंद होतो, म्हणजे काय माणूस आहोत आपण, असं तो म्हणायचा. मी त्याला सांगितलं की आनंद काय परवानगी काढून येतो? येतोय तर येऊ दे.

आणि वहिनी. ब्रशचा वाटीवर आवाज झाला की ती भिंतीला धरत धरत यायची आणि बेसिनशेजारच्या स्टुलावर बसायची. टॉवेल तिच्या मांडीवर. मध्येच म्हणायची, मानेपाशी राहिलंय हो. खरंच राहिलेलं असायचं. तिला मुलीचं नाव आठवत नव्हतं, पण नवऱ्याच्या मानेवर कुठे केस राहतात ते आठवत होतं. दाढी झाली की ती उठायची, बोटांची उलटी बाजू त्याच्या गालावरून खाली न्यायची, आणि हं, म्हणायची. झालं, आता जा, असा त्याचा अर्थ.

त्या बोटांसाठी तो दिवसभर थांबत असे, हे मला त्याने न सांगता कळलं होतं. एकट्या माणसाच्या गालाला कुणाचा हात लागायचा? लहानपणी याच आईचा लागला असेल, नंतर तर दाढीच होती. आता रोज सकाळी आई त्याला मायेने हात लावत होती आणि ती माया दुसऱ्याच्या नावावर होती. त्याने ती घेतली. मीही घेतली असती.

ती नवऱ्याशी बोलायची ते त्याला ऐकावं लागायचं. आज दुकान बंद ठेवा ना, म्हणायची. परवाचा निळा शर्ट घाला, त्यात बरे दिसता. एकदा काहीतरी आठवून तोंडाला टॉवेल लावून इतकी हसली की तिला उचकी लागली. तो कामावर जाताना जिन्यात मला म्हणाला, "बाबा तिला हसवायचे. मला माहीतच नव्हतं, काकू. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नाही." बाप गेल्याला इतकी वर्षं झाली आणि तो त्या दिवशी बापासाठी पहिल्यांदा रडला असावा. डोळे सुजले होते. मी कांद्याची चौकशी केली नाही.

असे दिवस बरे चालले होते. वहिनी जेवत होती, झोपत होती, गोळी घेत होती. बहिणीला वाटत होतं आपण जिंकलो. छोट्या अशी हाक मात्र आली नाही, आणि तो हळूहळू तिची वाट बघायचं सोडत होता. मग एका सकाळी तिची बोटं त्याच्या गालावर अर्ध्यातच थांबली.

"अहो, तो दाढीवाला हल्ली येत नाही?"

मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. तो म्हणाला, "कोण दाढीवाला?"

"असं काय करता? संध्याकाळी यायचा तो. पाय शेकायचा माझे. भरवायचा."

"तो गेला," तो म्हणाला. "तू घाबरायचीस ना त्याला?"

"मी कशाला घाबरू?" ती चक्क रागावली. "तुम्हीच काहीतरी बोलला असाल त्याला. तुमची जीभ कुठे गप्प बसते."

तो हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. मला वाटलं, विसरेल दुपारपर्यंत. बाकी सगळं विसरत होती, हे विसरली नाही. संध्याकाळ झाली की दाराशी खुर्ची ओढून बसायची. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करायची आणि तो आत आला की तिचा चेहरा पडायचा. ज्या चेहऱ्याला बघून ती केसांवरून हात फिरवायची त्याच चेहऱ्याला आता म्हणायची, तुम्ही आलात होय. त्याच्या हातून घास घेईना. त्याला येऊ दे, म्हणायची. एकदा माझा हात धरून म्हणाली, तुम्ही टेलिफोनवाल्या ना, लावून द्या त्याला. मी आयुष्यभर हजारोंना जोडून दिलं. त्या दिवशी मोबाइल कानाला लावून उभी राहिले आणि तिला सांगितलं, लागत नाही हो वहिनी. तिने ते खरं मानलं आणि थोड्या वेळाने परत लावायला सांगितलं.

मग सकाळीही ती स्टुलावर येईना. नवऱ्यावर रुसली होती. तो एकटाच फेस करायचा, एकटाच उतरवायचा आणि गाल पुढे करायला कुणी नसायचं. एका रविवारी तो माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला की दाढी परत वाढवतो. बहिणीला खरं सांगावं लागलं. ती आधी चिडली, मग म्हणाली, तुला योग्य वाटेल ते कर. लांब असणाऱ्यांना शेवटी एवढंच उरतं, आणि तिचाही जीव तुटतच होता.

पण दाढी म्हणजे काही पंख्याचं बटण नाही. बोटभर यायला महिने लागतात आणि छातीपर्यंत यायला वर्षं. मी आपली म्हटलं, नाटकवाल्यांकडून खोटी आणावी का? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. त्याने ब्रश धुऊन, झटकून वाळत ठेवला तो उचललाच नाही. सकाळी सवयीने बेसिनपाशी जायचा, गरम पाण्याने तोंड धुवायचा, टॉवेल दाबून उभा राहायचा आणि तेवढ्यावरच परत फिरायचा. ग्रंथालयातल्या लोकांनी आधी दाढी काढली म्हणून चिडवलं होतं, आता खुंट वाढले म्हणून विचारू लागले, तब्येत बरी आहे ना?

गालावर करडे खुंट आले आणि वहिनीचे अहो तिच्यासाठी नाहीसे झाले. दाढीवाला तर अजून आलेलाच नव्हता. मधल्या त्या चेहऱ्याचा माणूस तिच्या ओळखीत कुठेच नव्हता. तो खोलीत आला की ती पदर सावरायची आणि मला विचारायची, हे गृहस्थ कोण? त्याला अहो-जाहो करायची, चहा घेणार का विचारायची, आणि कुणी परका आला तर बाई जशी अवघडून बसते तशी तो जाईपर्यंत बसून राहायची. पूर्वी गाऱ्हाणं करायची, नंतर गालाला हात लावायची. आता त्यातलं काहीच नव्हतं. तो सहन करत होता, कारण रोज आरशात दाढी थोडी थोडी वाढताना दिसत होती. थोडेच दिवस, काकू, म्हणायचा. मान हलवण्यापलीकडे मी तरी काय करणार होते?

तेवढ्यात तिला ताप आला. छातीत कफ भरला. डॉक्टर घरी येऊन गेले, औषध बदललं, बाहेर आल्यावर जिन्यात त्याच्याशी हळू आवाजात बोलले. त्याने रजा टाकली. हा तिचा शेवटचा आठवडा होता.

एका दुपारी ती बऱ्याच वेळाने जागी झाली. ताप उतरला होता, डोळे स्वच्छ होते. मी पायाशी बसले होते, तो उशाशी उभा होता. तिने त्याला पाहिलं आणि मला म्हणाली, पाहुण्यांना बसायला द्या. मग त्याच्याकडे वळली.

"कुणाकडे आलात?"

"तुझ्याकडेच आलोय, आई."

तिला ते शब्द ऐकू आले पण कुठे ठेवावेत ते कळलं नाही. तो वाकला. तिचा हात त्याने उचलला आणि आपल्या गालावर टेकवला. तिची बोटं हलली. खुंटांवरून वर गेली, खाली आली, हनुवटीच्या खाचेपाशी थांबली. तिने नीट, शांतपणे सगळा गाल चाचपला आणि हात काढून घेतला. तिला त्याला दुखवायचं नव्हतं, ते तिच्या आवाजात जाणवत होतं.

"तुम्ही नाही हो," ती म्हणाली. "माझ्या मुलाला दाढी आहे. मोठी, अशी इथपर्यंत." तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं. "ह्यांना आवडत नाही ती. मला आवडते."

त्याने बोलायला तोंड उघडलं.

"छोट्या येईलच आता कामावरून," ती म्हणाली. "तुम्ही बसा ना."

मी उठून माझी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तो बसला.